आपला खानदेश : एका प्रांताची वांटणी

"आपण कोठले?" असें पुण्यामुंबईस कोणीं विचारलें, तर आपल्या भागांतील मनुष्य बहुधा "खानदेशचा" असें उत्तर देतो. परंतु आजच्या सरकारी नकाशांत खानदेश नांवाचा एकही जिल्हा नाहीं. जें नांव दप्तरांतून गेलें तें लोकांच्या तोंडीं कसें राहिलें, आणि या प्रदेशाचे विभाग कां व कसकसे पडत गेले, हें आपण प्रत्येकानें जाणून घेण्यासारखें आहे.

तापीच्या दोन्ही तीरांवरील या प्रदेशावर चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून फारुकी घराण्याचें राज्य होतें. थाळनेर ही त्यांची पहिली राजधानी. पुढें ती बऱ्हाणपुरास गेली. १६०१ सालीं अशीरगड अकबराच्या हातीं आला व खानदेश हा मोगलांचा एक सुभा झाला. बादशहानें आपला पुत्र दानियाल याच्या नांवावरून सुभ्यास 'दानदेश' असें नांव दिलें. परंतु रयतेनें 'खानदेश' हेंच नांव चालू ठेविलें. पुढें मराठ्यांचा अंमल आला आणि १८१८ सालीं पेशवाईबरोबर तोही संपला. इंग्रजांनीं खानदेशचा जिल्हा केला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हे पहिले कलेक्टर झाले व मुख्य ठाणें धुळ्यास आलें. जुनी राजधानी बऱ्हाणपूर मात्र वेगळी राहिली. आज ती मध्यप्रदेशांत आहे.

१८६९ सालीं नाशिक जिल्हा निर्माण झाला, तेव्हां मालेगांव व बागलाण हे भाग खानदेशांतून तिकडे गेले. तरीही उरलेला जिल्हा दहा हजार चौरस मैलांहून मोठा होता, आणि १९०१ च्या खानेसुमारींत त्याची लोकसंख्या सुमारें चौदा लक्ष भरली. गांवीं पाटील व कुळकर्णी, तालुक्यास मामलेदार, त्यांवर प्रांत आणि सर्वांवर कलेक्टर, अशी ही शिडी होती. शिडी जितकी उंच, तितका तळच्या मनुष्याचा आवाज वर पोंचणें कठीण. रावेरकडील शेतकऱ्यास जिल्ह्याच्या कचेरींत दाद मागावयाची, तर त्यास थेट धुळें गांठावें लागे.

१९०६ सालीं या विस्तीर्ण जिल्ह्याचे दोन भाग झाले. अंमळनेर, एरंडोल, चाळीसगांव, भुसावळ, रावेर इत्यादि तालुके मिळून पूर्व खानदेश झाला व त्याचें ठाणें जळगांवीं आलें. शिरपूर, शहादें, तळोदें, नंदुरबार इत्यादि तालुके पश्चिम खानदेशांत राहिले व त्याचें ठाणें धुळेंच राहिलें.

परंतु कचेरी जवळ आली म्हणजे कारभार आपला झाला असें नव्हे. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यांत १८८४ सालीं कायदा होऊन जिल्हा व तालुका लोकल बोर्डें स्थापन झालीं. रस्ते, शाळा, दवाखाने, विहिरी हीं कामें त्यांच्याकडे आलीं. तथापि मताचा अधिकार मूठभर लोकांसच होता. स्वातंत्र्यानंतर हें चित्र पालटलें. १९५८ च्या कायद्यानें ग्रामपंचायतींची नवी घडी बसली, आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. २०११ पासून या संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखून ठेवण्यांत आल्या. ज्या गांवांत पूर्वीं पाटलाच्या ओट्यावर निर्णय होई, तेथें आज एखादी शेतमजूर स्त्रीही सरपंच होऊं शकते.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर पूर्व व पश्चिम खानदेश हीं नांवें जाऊन जळगांव व धुळें असे जिल्हे झाले. तरीही अक्राणीच्या डोंगरांतील आदिवासी बांधवांस जिल्ह्याच्या कामासाठीं सातपुडा उतरून, तापी ओलांडून, नंदुरबारच्याही पुढें धुळ्यास जावें लागे. १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हां ही वाट कांहींशी तुटली. आज जळगांव जिल्ह्यांत १५, धुळें जिल्ह्यांत ४ व नंदुरबार जिल्ह्यांत ६ तालुके आहेत. १९९० सालीं जळगांवीं स्थापन झालेल्या विद्यापीठानें मात्र या तिन्ही जिल्ह्यांचीं महाविद्यालयें पुन्हां एका छत्राखालीं आणलीं आहेत.

विद्यार्थिमित्रहो, प्रत्येक वांटणीनें कचेरी गांवाच्या जवळ आली. उरलेलें अंतर मात्र सरकारास तोडतां येत नाहीं. तें आपणच तोडावयाचें आहे. पुढील ग्रामसभेस आपल्या वडिलांबरोबर किंवा आईबरोबर जाऊन बसा. किती लोक आले, पाण्याचा प्रश्न कोणीं मांडला, कोण गप्प राहिलें, तें पाहा. शाळेच्या गळक्या छपराविषयीं कोणी बोललें नसेल, तर घरीं परततांना वडील मंडळींस त्याचें कारण अवश्य विचारा.