पंच्याऐंशी अंशांत माणूस शिजत का नाही?

प्रश्न : आम्ही चौघं मित्र वांद्र्यात राहतो. दर रविवारी सकाळी जिम झाली की तिथल्या सॉनामध्ये पंधरा मिनिटं बसतो आणि मग खायला बाहेर पडतो. परवा सहज भिंतीवरच्या मीटरकडे लक्ष गेलं, तर ८५ अंश! आंघोळीचं पाणी ५० अंशांचं असलं तरी आपण ओरडतो. मग ८५ अंशांत आम्ही गप्पा मारत कसे बसतो? आणि मे महिन्यात वांद्रे स्टेशनच्या पुलावर ३४ अंशांत जीव नकोसा होतो, तसा इथे का होत नाही? शिवाय आमच्यात एक वाद आहे. एक मित्र येतानाच भजी घेऊन येतो, म्हणतो, खाऊन बसलं की घाम छान सुटतो. दुसऱ्याची आजी म्हणायची, जेवून आंघोळ करू नये. खरं कोणाचं?
— एक वाचक, वांद्रे (पश्चिम)

उत्तर : आधी उच्चाराचं उरकून घेऊ. सॉना म्हणणं इंग्रजीच्या वळणाचं झालं. शब्द फिनलंडचा आहे आणि तिथे तो ‘सौना’ असा म्हणतात, चौकातल्या ‘चौ’सारखा औ लावून. मराठी माणसाला हा उच्चार आयता जमतो, तर तो सोडायचा कशाला?

आता ८५ अंशांचं कोडं. आपण अंश म्हणजेच उष्णता समजतो, तिथे घोटाळा होतो. एखादी गोष्ट किती तापली आहे एवढंच अंश सांगतात. तिचा चटका किती बसेल, हे मात्र तिच्यात उष्णता किती साठली आहे आणि ती किती झटकन तुमच्या अंगाला देते, यावर ठरतं. पाणी या दोन्ही बाबतींत सढळ हाताचं, हवा महाकंजूष. पाण्यातून उष्णता हवेच्या वीस-पंचवीसपट सहज वाहते. शिवाय एक लिटर पाण्यात एक लिटर हवेच्या तीन हजारपटीहून जास्त उष्णता मावते. केक झाला का ते बघायला १८० अंशांच्या ओव्हनमध्ये आपण क्षणभर हात घालतो आणि काही होत नाही. त्याच ओव्हनच्या पत्र्याला बोट लागलं की मात्र फोड येतो. हवा आणि पत्रा, दोन्ही सारखेच तापलेले.

हा धडा मला एका लॉकरच्या किल्लीने शिकवला. ती हातात घेऊन सौनात शिरलो, शेजारी फळीवर ठेवली आणि दहा मिनिटांनी उचलायला गेलो. फळीवर मी उघड्या अंगाने आरामात बसलो होतो, किल्ली मात्र हातात धरवेना. लाकूडही हवेसारखंच कंजूष असतं, म्हणून तर सौनातली बाकं लाकडाची करतात आणि खिळ्यांची डोकी लाकडात खोल दडवतात. अंगठी, साखळी, कडं बाहेर काढून ठेवा, असं सांगतात तेही यासाठीच.

तुमच्याआधी सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न काही इंग्रज मंडळींना पडला होता, आणि त्यांनीही खाण्याचीच मदत घेतली. १७७४ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डन नावाचा डॉक्टर आणि त्याचे मित्र मुद्दाम तापवलेल्या खोलीत शिरले. खोलीचं तापमान २६० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत चढवलं होतं. ब्लॅग्डन आत आठ मिनिटं होता. घड्याळाच्या साखळीला हात लावणं कठीण झालं, पण माणूस धडधाकट बाहेर आला. त्याच खोलीत पत्र्याच्या चौकटीवर ठेवलेली अंडी मात्र सुमारे वीस मिनिटांत कडक झाली आणि मांसाचे तुकडेही भाजून निघाले. एका तुकड्यावर भात्याने वारा घातला, तर तो आणखी लवकर शिजला. हा भाता लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

अंडं शिजलं आणि डॉक्टर शिजला नाही, कारण अंड्याला घाम येत नाही. इथे एक गैरसमज दूर करू : घाम आला म्हणजे गारवा आला, असं नाही. घाम वाळला तर गारवा. एक लिटर घाम अंगावर वाळतो तेव्हा सात लिटर साधं पाणी उकळी येईपर्यंत तापवायला लागावी तेवढी उष्णता तो घेऊन जातो. तोच घाम कपाळावरून ओघळून खाली गळला, तर जवळपास फुकट गेला.

वांद्रे स्टेशनच्या पुलावर नेमकं हेच होतं. मे महिन्यात समुद्रावरची दमट हवा बाष्पाने आधीच भरलेली असते. तुमचा घाम तिला नको असतो, म्हणून तो वाळायला वेळ लावतो आणि सदरा पाठीला चिकटतो. सौनात उलट आहे. जिममधली एसीची हवा पाणी न घालता ८५ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता पाच टक्क्यांच्याही खाली येते. अशी तहानलेली हवा घाम उमटता उमटता पिऊन टाकते. म्हणून पहिली काही मिनिटं तर ‘मला घामच येत नाही’ असं वाटतं. येत असतो, दिसत नाही.

तरी खरं कारण यापेक्षा साधं आहे, असं माझं मत. सौनातसुद्धा शरीर हळूहळू तापतच असतं. कातडी लवकरच चाळिशीच्या आसपास पोहोचते आणि नाडी जिना चढल्यासारखी पळते. ही उधारी आहे. पंधरा मिनिटांनी दार उघडून तुम्ही ती गार पाण्याने फेडता. पुलावर दार नसतं. अंगात कपडे, पाठीला पिशवी, मागून लोंढा आणि पुढे उभ्याने लोकलचा प्रवास. सहन होणं न होणं यात सुटका केव्हा आहे, हे माहीत असण्याचा वाटा फार मोठा असतो.

तुमच्या सौनात तापलेले दगड असतील आणि त्यांवर पळीने पाणी टाकायची मुभा असेल, तर एक गंमत बघा. पाणी टाकलं की मीटर जवळजवळ हलत नाही, पण अंगावर उष्णतेची लाट येते. मोदकपात्राचं झाकण बेसावधपणे उघडणाऱ्याला याचं कारण सांगावं लागत नाही. वाफ तुलनेने गार कातडीवर येऊन पाणी होते आणि होताना आपल्या पोटातली सगळी उष्णता तिथेच सोडते. त्या वेळी अंगावर जे ओलं दिसतं त्यातलं बरंचसं घाम नसून वाफेचं पाणी असतं. या वाफेच्या लाटेला फिनिश भाषेत ‘ल्योल्यू’ असा खास शब्द आहे. तिच्याशिवाय सौना म्हणजे नुसती तापलेली खोली, असं ते लोक मानतात. कोणी तेव्हा टॉवेल फिरवून वारा घातला तर गार वाटण्याऐवजी आणखी भाजतं. हाच तो ब्लॅग्डनचा भाता : हवा अंगापेक्षा बरीच गरम असेल तेव्हा पंखा शत्रू होतो. मात्र दगड नसलेल्या विजेच्या हीटरवर पाणी ओतू नका. आणि ज्या खोलीत सगळं धुकं भरलेलं असतं ती सौना नव्हे, ती स्टीम. तिथे ४५ अंशसुद्धा पुरे होतात, कारण घाम वाळायला जागाच नसते.

गरम पाण्याच्या कुंडाचंही तसंच. मुंबईकरांचा जुना मित्रमंडळी-स्नानाचा बेत म्हणजे वज्रेश्वरी. चिमाजी अप्पांनी वसईच्या १७३९ च्या विजयानंतर नवस फेडला ते देऊळ, आणि जवळच तानसा नदीकाठची अकलोली-गणेशपुरीची कुंडं. तिथे पाय बुडवला की माणूस पहिल्यांदा मागेच घेतो. पाणी सौनापेक्षा कितीतरी थंड असलं तरी पाण्याखाली घाम वाळू शकत नाही आणि पाणी उष्णता देण्यात सढळ. म्हणून सौनातली पंधरा मिनिटं कुंडात जमवायला जाऊ नका.

घामावाटे ‘टॉक्सिन’ निघून जातात, हे जिममध्ये फार ऐकू येतं. घाम जवळजवळ सगळा पाणी असतो, बाकी थोडं मीठ. शरीरातला कचरा काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं मुकाट्याने करत असतात. काट्यावर अर्धा किलो कमी दिसतं ते पाण्याचं वजन, दोन पेले ताक प्यायल्यावर परत येतं. हृदयाला फायदा होतो का? फिनलंडमधल्या कुओपिओ भागातल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांची सुमारे वीस वर्षं नोंद ठेवून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक मृत्यू कमी दिसले. पण जो आठवड्यात सात वेळा निवांत बसू शकतो त्याचं बाकी आयुष्यही बरं चाललेलं असण्याचा संभव असतो. तेव्हा सगळं श्रेय घामाला देऊ नये.

आता मित्र आणि भजी. सुमारे ५५ लाख लोकवस्तीच्या फिनलंडमध्ये तीसेक लाख सौना आहेत. घराघरात, इमारतींच्या तळघरात, तळ्याकाठी, अगदी संसदेतही. २०२० साली युनेस्कोने ही परंपरा आपल्या वारशाच्या यादीत घेतली. तिथला क्रम असा : आधी अंग धुवायचं, मग उष्णता, मग वाफ, मध्ये कोणी बर्चच्या डहाळ्यांची जुडी अंगावर हलकेच मारून घेणार, मग तळ्यात उडी किंवा नुसतंच अंगणात बसणं, पुन्हा आत. असे दोन-तीन फेरे झाले की शेवटी खाणं. जाडसर सॉसेज मोहरीच्या चटणीबरोबर खातात. काही जण ते फॉइलमध्ये गुंडाळून सौनाच्याच तापल्या दगडांवर ठेवतात, म्हणजे सगळे नाहून होईतो तयार. बरोबर बीअर किंवा ‘लोंकेरो’, म्हणजे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी निघालेलं जिन आणि ग्रेपफ्रूटचं पेय.

आधी आंघोळ आणि मग खाणं, हा क्रम आपल्यालाही नवा नाही. नरक चतुर्दशीला पहाटे तेल, उटणं, बंबातलं कढत पाणी, कोकणात पायाखाली कारीट फोडणं, आणि हे झाल्याशिवाय फराळाच्या डब्याला हात नाही. गोव्यात आणि तळकोकणात त्या सकाळी नातेवाइकांकडे फिरून गुळाचे, दुधाचे, ताकाचे असे नाना तऱ्हेचे पोहे खातात. तुमच्याच वांद्र्यात चिंबई, रानवार, पाली इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाआधी ‘उंबराचं पाणी’ असतं. विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणायचं, नवरा-नवरीला त्याने आंघोळ घालायची आणि मग फुग्या आणि मटणावर ताव मारायचा.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौदाव्या अध्यायात, घाम काढायच्या तेरा रीती सांगितल्या आहेत. त्यातला ‘जेन्ताक’ वाचताना मी चमकलो. जलाशयाच्या काठी गोल घर बांधायचं, भिंतीलगत सभोवार ओटा, मधोमध पुरुषभर उंचीची, बारीक भोकांची मातीची भट्टी. तीत खैरासारखी लाकडं जाळायची आणि धूर पुरता निघून गेल्यावर, अंगाला तेल लावलेल्या माणसाला आत न्यायचं. फिनलंडमधली धुराची सौनाही अशीच. धुराडं नाही, लाकडं जळून धूर बाहेर गेला की मगच माणसं आत. कोणी कोणाचं उचललं, हे शोधायच्या भानगडीत पडू नका. थंडीने गारठलेल्या किंवा सांधे आखडलेल्या माणसाला ही युक्ती कुठेही सुचेल. फरक दोन आहेत. चरकाने ही सोय रोग्यासाठी केली आहे, मित्रांसाठी नाही. आणि बाहेर आल्यावर फिनिश माणूस बर्फाळ पाण्यात उडी घेतो, तर चरक बजावतो की लगेच थंड पाण्याला शिवू नका, मुहूर्तभर बसा, कोमट पाण्याने नाहा आणि मग जेवा.

मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं. तुमच्या वादाचा निकाल इथेच लागतो. उष्णतेत शरीर रक्त कातडीकडे पाठवतं, म्हणजे ते तिथे गार होईल. नुकतं खाल्लेलं असेल तर पोटालाही पचनासाठी रक्त हवं असतं. दोन्हीकडे पुरवायचं तर हृदयाची धावपळ होते आणि कमी पडलं की मळमळतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. भजी तळकट, म्हणजे पोटात जास्त वेळ बसणारी. आजीला रक्ताभिसरणाचं गणित ठाऊक नसेल, पण उत्तर बरोबर होतं. अगदी उपाशीही बसू नका. तास-दीड तास आधी एखादं केळं पुरे. दारू मात्र आधीही नको आणि मध्येही नको. उष्णतेने रक्तवाहिन्या आधीच सैलावून रक्तदाब उतरलेला असतो, दारू तो आणखी उतरवते आणि ‘आता बाहेर पडावं’ ही शुद्धही घालवते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, हृदयरोग्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत जाऊ नये.

मित्र बरोबर असले की ‘बघू कोण जास्त टिकतो’ हे हटकून निघतं. फिनलंडमध्येच हेइनोला इथे याची जागतिक स्पर्धा भरायची, ११० अंशांत. २०१० साली अंतिम फेरीत एक स्पर्धक मरण पावला आणि स्पर्धा कायमची बंद झाली. ज्याला आधी उठावंसं वाटेल त्याने उठावं आणि बाकीच्यांनी त्याला हसू नये.

बाहेर आल्यावर आधी गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढा. ताक, मिठाचं लिंबू सरबत, कोकम किंवा पन्हं. शहाळंही चालेल, पण त्यात मीठ कमी, तेव्हा बरोबर चार खारे शेंगदाणे घ्या. मग जरा बसा, कोमट पाण्याने अंग धुवा, कपडे बदला आणि सावकाश चालत कार्टर रोडला या. तोवर मुहूर्त होऊन जाईल. मित्राने येताना आणलेली भजी एव्हाना गार झालेली असतील. त्याला म्हणावं, पुढच्या रविवारी आणू नकोस, इथेच गरम खाऊ.