झेंडा लागल्यावर पुढे काय? मराठवाडा आणि घाना : एक तुलनात्मक पाठ



१७ सप्टेंबरचा झेंडा झाला, खाऊ वाटून झाला आणि मी सातवीच्या वर्गावर मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा पाठ घ्यायला गेले. निजाम, रझाकार, स्वामी रामानंद तीर्थ, पोलीस कारवाई असं सगळं सांगून झालं. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "मॅडम, स्वातंत्र्य मिळालं, तर मग आम्ही तोडीला का जातो?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. आपण पाठ १७ सप्टेंबर १९४८ ला संपवतो. त्या मुलाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. त्याचं उत्तर शोधता शोधता हा पाठ तयार झाला.

१) सुरुवात कुठून झाली?

भारत १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण आपला बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. आपल्याला आणखी तेरा महिने थांबावं लागलं. १३ सप्टेंबर १९४८ ला सैन्य आत आलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्या काळात आधी रझाकारांच्या हातून आणि नंतर सूडापोटी दोन्ही समाजांतल्या निरपराध लोकांना सोसावं लागलं, हेही मुलांना सांगायला हवं.

स्वातंत्र्य आलं तेव्हा घरात काय शिल्लक होतं? रस्ते, कारखाने, धरणं नावालाच. राज्यकारभार आणि वरचं शिक्षण उर्दूतून, घरची भाषा मराठी. उर्दू ही सुंदरच भाषा आहे, दोष तिचा नाही. पण ज्याला कागद वाचता येत नाही, तो कचेरीत दुसऱ्याच्या तोंडाकडेच बघणार! नाणंसुद्धा वेगळं होतं. ढोबळमानाने ७ हाली रुपये दिले की ६ कलदार रुपये मिळत. हे गणित मुलांना फळ्यावर सोडवायला द्या, इतिहास पटकन समजतो.

१९४९ मध्ये जहागिरी संपल्या, १९५० मध्ये कूळ कायदा आला, १९५२ मध्ये लोकांनी पहिल्यांदा मतदान केलं. ही कामं मोठीच होती.

२) तिकडे आफ्रिकेत

आता नकाशा काढा आणि पश्चिम आफ्रिकेतला घाना दाखवा. ब्रिटिश त्याला 'गोल्ड कोस्ट' म्हणत. ६ मार्च १९५७ ला तो स्वतंत्र झाला. नेते होते क्वामे एन्क्रुमा. त्यांच्या सरकारने १९६१ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, व्होल्टा नदीवर अकोसोम्बो हे प्रचंड धरण बांधलं.

अडचण कुठे आली? देशाची कमाई मुख्यतः एकाच पिकावर होती, ते म्हणजे कोको. कोको पिकायचा घानात, चॉकलेट बनायचं युरोपात. भाव ठरायचा परदेशच्या बाजारात. साठच्या दशकाच्या मध्यात तो भाव कोसळला. मोठ्या प्रकल्पांसाठी कर्ज काढलेलं होतंच. त्यातच १९६४ मध्ये एकच पक्ष ठेवला गेला, म्हणजे चूक दाखवणाराच राहिला नाही. जानेवारी १९६६ मध्ये धरणाचं उद्घाटन झालं आणि २४ फेब्रुवारी १९६६ ला लष्कराने सत्ता घेतली.

३) आता स्वतःकडे पाहू

घाना देश आहे, बीड जिल्हा आहे. तुलना तंतोतंत जुळणार नाही. पण दोन गोष्टी मुलांना लगेच ओळखता येतात.

पहिली गोष्ट, कच्चा माल बाहेर जातो. घानातून कोको जातो, आपल्याकडून माणसं जातात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. साखर तिथे बनते, गाळपाचा पैसा तिथे फिरतो. इकडे उचल फिटली तर फिटली, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा कोयता. कोकोचा भाव पडला की घाना अडायचा, पाऊस गेला की आपण अडतो. १९७२ चा दुष्काळ आजी-आजोबांना विचारा.

दुसरी गोष्ट, निर्णय लांब होतात. १९५३ च्या नागपूर कराराने मराठवाड्याकडे खास लक्ष देण्याचं आश्वासन दिलं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि त्याच वर्षी घटनेच्या कलम ३७१ मध्ये विकास मंडळाची तरतूद झाली. मंडळ प्रत्यक्षात आलं १९९४ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी! ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदतही संपली. दरम्यान १९८४ मध्ये दांडेकर समितीने कुठला भाग किती मागे आहे हे मोजून दाखवलं. 'अनुशेष' हा शब्द मुलांना याच ठिकाणी शिकवा : द्यायचं होतं, पण दिलं नाही, ती बाकी.

४) फरकही सांगा

सगळं रडगाणंच सांगायचं नाही. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं. अंबाजोगाईत स्वामीजींच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर माजलगावचं धरण झालं. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना पुढे आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

आणखी एक. आपल्याकडे मतपेटी टिकली. घानाने अनेक वर्षं लष्करी सत्ता पाहिली. १९९२ च्या राज्यघटनेनंतर तिथेही मतदानाने सरकारं बदलू लागली. मागण्या पूर्ण होत नसतील तरी त्या उघडपणे मागता येतात, हेही स्वातंत्र्यच. नगर-बीड-परळी रेल्वेला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. कित्येक मोर्चे, निवेदनं झाली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिदिनीच, बीड शहरातून नगरकडे गाडी सुटली. तीस वर्षं लागली. मुलांना हे दोन्ही सांगा : तीस वर्षं लागली, आणि गाडी आली.

५) वर्गात काय घ्याल?

• गावातल्या कोणत्या वस्तू कच्च्या बाहेर जातात आणि पक्क्या होऊन परत येतात? यादी करा. (कापूस विसरू नका.)
• घरातल्या मोठ्या माणसाला विचारा : तुमच्या लहानपणी गावात काय नव्हतं, आज काय आहे, अजून काय नाही?
• घाना आणि मराठवाडा : दोन साम्यं, दोन फरक लिहा.

पालकांनो, एक हात जोडून विनंती. तोडीला जावंच लागलं, तर मूल बरोबर नेण्याआधी शाळेत येऊन बोला. आजीजवळ ठेवता येईल का, हंगामी वसतिगृहात सोय होईल का, हे मिळून पाहू. घानाने स्वातंत्र्यानंतर पहिल्या काही कामांत शाळा धरली, ती उगीच नाही. कोकोचा भाव आपल्या हातात नव्हता आणि पाऊसही नाही, पण मुलाचं नाव पटावर आणि मूल बाकावर ठेवणं बरंचसं आपल्या हातात आहे.

त्या मुलाला मी त्या दिवशी एवढंच म्हणाले, "तुझा प्रश्न पाठापेक्षा मोठा आहे, वहीत लिहून ठेव." त्याने लिहिला. दिवाळीनंतर तो बाकावर दिसावा म्हणून त्याच्या आजीशी बोलणं चालू आहे.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काय विचारलं, ते जरूर कळवा.