ठुमरीच्या घरातला ड्रमर

प्रश्न : माझा मुलगा लहानपणापासून तबला शिकतो आहे. गांधर्वची मध्यमाची परीक्षाही झाली. आता त्याला ड्रम्स शिकायचे आहेत. खोलीत रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्सचं मोठं चित्र लावलंय आणि इंग्रज ड्रमरांची चरित्रं तोंडपाठ झाली आहेत. त्याचे आजोबा म्हणतात, हात बिघडेल. तबल्यापासून सुरुवात करून ड्रम्सवर जगात नाव काढलेलं आपल्याकडचं कोणी आहे का? आणि आजोबांचं म्हणणं कितपत खरं? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : आहे, आणि आजोबांना त्याच्या आईचं नाव नक्की ठाऊक असेल. शोभा गुर्टू. ठुमरी, दादरा, कजरी म्हटलं की मागच्या पिढीच्या रसिकांच्या ओठांवर पहिल्या दोन-तीन नावांत हे नाव यायचं. १९७८ च्या ‘मैं तुलसी तेरे आँगन की’मधल्या गाण्यासाठी त्यांना फिल्मफेअरचं नामांकन होतं, २००२ मध्ये पद्मभूषण मिळालं, २००४ मध्ये त्या गेल्या. त्यांचा मुलगा त्रिलोक गुर्टू हा तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर.

‘आपल्याकडचं’ या शब्दाचा खुलासा करायला हवा, कारण पुण्यात तो कोणीतरी विचारणारच. गुर्टू हे आडनाव काश्मिरी. त्रिलोकचे वडील विश्वनाथ गुर्टू काश्मिरी पंडितांच्या घरातले. आजोबा नारायणनाथ गुर्टू बेळगावात पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि सतारही वाजवत. आई मात्र बेळगावची, माहेरची भानुमती शिरोडकर, जन्म १९२५. तिची आई मेनकाबाई शिरोडकर नर्तकी आणि गायिका, अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेली. शोभाताईंचं सुरुवातीचं शिक्षण कोल्हापूरला अल्लादियांचे धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे, मग नत्थन खाँ यांच्याकडे आणि ठुमरी-दादऱ्याची तालीम घम्मन खाँ यांच्याकडे. म्हणजे त्रिलोकच्या मागे बेळगाव, कोल्हापूर आणि जयपूर-अत्रौली घराणं उभं आहे. एवढं असताना तो आपला नाही म्हणायला बराच कोतेपणा लागेल.

त्रिलोकचा जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९५१. शाळा माटुंग्याची डॉन बॉस्को. तबला लहानपणीच हातात आला. पुढे कोल्ट्रेन, जेम्स ब्राउन, जिमी हेंड्रिक्स यांच्या रेकॉर्ड कानावर पडू लागल्या आणि इथे त्याच्या बाबतीत एक मजेदार गोष्ट घडली, जी त्याने स्वतः हेंड्रिक्सवरच्या एका दूरदर्शन कार्यक्रमात सांगितली आहे. स्टुडिओत एकाच वादकाचे चार-पाच थर एकावर एक ध्वनिमुद्रित करता येतात, हे त्याला माहीतच नव्हतं. रेकॉर्डवर जे ऐकू येतं ते सगळं माणसं एका दमात वाजवतात असं समजून तो ते सगळं वाजवायला शिकला. लंडन-न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या मुलाला कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं असतं की बाबा, हे असं एकट्याने वाजत नसतं. मुंबईत सांगणारं कोणी नव्हतं, हे त्याचं नशीब.

पण त्याच्या वादनाचं मूळ मला या किश्श्यापेक्षा आईच्या गाण्यात जास्त दिसतं. आपण तबला म्हटलं की एकल वादन डोळ्यांसमोर आणतो. पेशकार, कायदे, रेले, समेवर तिहाई, टाळ्या. ठुमरीचा तबला वेगळा. दीपचंदी किंवा जतसारखा संथ ठेका धरायचा, गाणारी बाई एकच ओळ दहा तऱ्हांनी सांगत असते, तेव्हा तिच्या श्वासाच्या मागे राहायचं, मध्ये मध्ये बोलायचं नाही. आणि मग शेवटाकडे ती मुखड्यावर येऊन थांबते आणि तबलजीला मोकळं रान मिळतं, ती लग्गी. केरव्याच्या अंगाने बोटं सुटतात, लय दुप्पट होते, गाणारी तीच ओळ धरून उभी असते आणि तबला तिच्याभोवती उसळत राहतो. तिहाई घेऊन पुन्हा मूळ ठेक्यावर. बँडमधल्या ड्रमरचं काम याहून फार वेगळं काय असतं? तीन मिनिटं गायकाच्या मागे पाय रोवून राहायचं आणि आठ मात्रांची जागा मिळाली की तेवढ्यात जे सांगायचं ते सांगून वेळेवर परत यायचं. वॉट्सचं वाजवणं तुमचा मुलगा बारकाईने बघत असेल तर त्याच्या लक्षात आलं असेल की स्नेअरवर काठी पडते त्या क्षणी वॉट्स हाय-हॅटवरची काठी उचलून घेतो. एक आघात गाळतो म्हणून दुसरा ठसतो. असं गाळायला शिकणं ठुमरीच्या मैफलीत रोजचं असतं, आणि त्रिलोकच्या वाजवण्यात कितीही दाटी झाली तरी गाणाऱ्यासाठी ठेवलेली ही जागा ऐकू येते. हे माझं मत झालं. तबल्याचे जाणकार वाद घालू शकतात.

सत्तरच्या दशकात त्याने युरोप गाठलं. एम्ब्रियो हा जर्मन रॉक बँड, त्यांच्या १९७७ च्या ‘अपो-कॅलिप्सो’वर तो आहे. पुढे ट्रंपेटवादक डॉन चेरीशी गाठ पडली, आणि चेरीचं ऋण तो आजतागायत मानतो. २०१३ चा त्याचा ‘स्पेलबाउंड’ हा आल्बम चेरीच्या आठवणीसाठी आहे आणि त्यात देशोदेशीचे ट्रंपेटवादक गोळा केलेत. घर त्याने जर्मनीत हॅम्बुर्गला केलं.

१९८४ च्या नोव्हेंबरात पूर्व जर्मनीत एका मोटार अपघातात कॉलिन वॉलकॉट गेला. हा अमेरिकन माणूस रविशंकरांकडे सतार आणि अल्लारखांकडे तबला शिकलेला, आणि ‘ऑरिगन’ या अमेरिकन चौकडीचा कणा. त्याच्या जागी ऑरिगनने त्रिलोकला घेतलं. अमेरिकन तबलजीच्या जागी मुंबईचा ड्रमर! त्या चौकडीबरोबर त्याचे तीन आल्बम निघाले. १९८८ मध्ये स्वतःचा पहिला आल्बम आला, ‘उस्फ्रेट’. त्यात चेरी आहे, ऑरिगनचा राल्फ टाउनर आहे, व्हायोलिनवर एल. शंकर आहे आणि गायला चक्क आई आहे. शोभाताईंचा आवाज आणि इलेक्ट्रिक बास एकत्र ऐकून तेव्हाच्या मैफली ऐकणाऱ्यांनी कानांवर हात ठेवले असतील, पण शोभाताई तिथे ‘पाहुण्या’ वाटत नाहीत. त्या ठुमरीच म्हणतायत, बाकीच्यांनी तिच्याभोवती बसायचं आहे.

त्याच सुमारास इंग्लंडच्या यॉर्कशरमधला गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन याने त्याला आपल्या त्रिकुटात बोलावलं. एक गिटार, काई एकहार्टचा बास आणि त्रिलोक. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेली त्यांची मैफल रेकॉर्डवर मिळते. आजोबांना एकच गोष्ट ऐकवायची असेल तर ती ऐकवा, शक्यतो चित्रफीत दाखवा. त्यानंतरची यादी मोठी आहे आणि मी ती पुरी देत बसत नाही. ‘क्रेझी सेंट्स’ (१९९३) वर जो झाविनुल आणि पॅट मेथेनी आहेत, २००० च्या सुमारास झाकिर हुसेन आणि बिल लासवेल यांच्या ‘तबला बीट सायन्स’मध्ये तो आहे, आणि ‘डाउनबीट’ या अमेरिकन जॅझ मासिकाच्या समीक्षकांनी त्याला तालवादकांमध्ये एकाहून अधिक वर्षी पहिलं ठरवलं.

मॅकलॉफ्लिनचा पुढचा एक ड्रमर रणजित बारोट, तोही मुंबईचाच, आणि तो कथ्थकच्या सितारादेवींचा मुलगा. एका इंग्रज गिटारवाल्याने आपल्या बँडसाठी एक ठुमरीवालीचा मुलगा उचलला आणि दुसरा कथ्थकवालीचा. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

आता हात बिघडण्याबद्दल. आजोबा पूर्ण चुकीचं बोलत नाहीत. तबल्यात बोटाचं टोक, पेर, तळव्याची कड यांचं काम असतं आणि बायाँवर मनगट दाबून सूर वरखाली करायचा असतो. ड्रम्सवर काठी आपटते, उसळी घेते आणि ती उसळी पकडायची असते. पकड आणि मनगट सगळंच वेगळं. काठीच्या मुठीने घट्ट झालेला हात घेऊन लगेच तबल्यावर बसलं तर ‘तिरकिट’ अडखळतं, हे खरं. म्हणून रोज आधी तबल्याचा रियाज, मग काठ्या, हा क्रम ठेवा. उलट तबल्याने ड्रम्स बिघडत नाहीत. सोळा मात्रा न मोजता अंगात असणारा मुलगा ड्रम्सच्या वर्गात चार पावलं पुढेच असतो. पुण्यात आता लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या रॉक अँड पॉप ड्रम्सच्या परीक्षा देणारी मुलं मिळतात. त्यांतली जी तबल्यावरून आलेली असतात ती लयीला चुकत नाहीत, त्यांचे पाय चुकतात.

प्रश्न : त्रिलोक गुर्टू वाजवताना मध्येच पाण्याच्या बादलीत काहीतरी बुडवतात, असं चित्रफितीत दिसलं. हा नुसता रंगमंचावरचा तमाशा आहे की त्यात काही शास्त्र आहे? – अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : दोन्ही. दिसायला ते छान दिसतं हे कबूल करू. पण आवाज खरोखर वेगळा येतो. धातूची तबकडी किंवा घंटा वाजवली की ती एका ठरावीक वेगाने थरथरते. थरथरतानाच ती पाण्यात उतरवली की धातूबरोबर लगतचं पाणीही हलवावं लागतं. म्हणजे थरथरणारं वजन वाढलं, कंपनांची गती कमी झाली, सूर खाली घसरला. बाहेर काढली की सूर वर चढतो. मींड घेतल्यासारखं. जलतरंगात भांड्यात पाणी जास्त ओतलं की सूर उतरतो, तोच नियम. फरक इतकाच की जलतरंगात पाणी आधी मापून ठेवलेलं असतं, इथे सूर हलत असतानाच पाण्याची पातळी बदलते.

ही युक्ती त्रिलोकची एकट्याची नव्हे. अमेरिकन संगीतकार जॉन केजने १९३० च्या दशकात जलतरणपटूंच्या नृत्यासाठी ती वापरली होती. पाण्याखाली असलेल्या पोहणाऱ्यांना काठावरचं संगीत ऐकू जाईना, तेव्हा त्याने घंटा वाजवून सरळ पाण्यात बुडवली. त्रिलोकने बादली मांडीशेजारी आणली आणि ती तबला, झांजा आणि ड्रम्स यांच्या ओळीत बसवली. मांडीशेजारी म्हणण्याचं कारण, तो नेहमीच्या ड्रमरसारखा उंच स्टुलावर बसत नाही. अर्धवट गुडघे टेकून जमिनीजवळ बसतो, झांजा आणि ड्रम्स त्या उंचीला उतरवलेले, उजव्या हाताशी तबला. तबलजीची बैठक मोडायची नाही, वाद्यांनी खाली यावं, असा तो मामला. विलायती ड्रमसेट बनवणाऱ्या कारखान्यात या उंचीचे स्टँड मिळत नसणार, ही गोष्ट मला फार आवडते.

प्रश्न : मी एका पथकात ताशा वाजवते. ताशाचा हात ड्रम्सला चालेल का? – पथकातली एक वादक, नारायण पेठ

उत्तर : चालेल, अर्ध्यापर्यंत. ताशाच्या काड्या बारीक आणि लवचिक, त्यांची उसळी थोडी. म्हणून तडतडीचा वेग तुम्ही मनगटाच्या जोरावर काढता. स्नेअरची काठी जाड, तिची उसळी भरपूर, तिथे जोर लावलात तर हात पहिल्या गाण्यातच दुखेल. काठी सोडून द्यायला शिका, तीच परत येते. मिरवणुकीत चार-पाच तास उभ्याने वाजवण्याची ताकद तुमच्याकडे आहेच, वर्गातल्या बाकीच्यांकडे ती नसते.

खरी अडचण पायांची. पथकात टोलाचं काम ढोलवाल्याच्या टिपऱ्याकडे असतं, तुम्ही त्याच्यावर निर्धास्त असता. ड्रम्सवर तो टोल तुमच्या उजव्या पायाकडे येतो आणि डावा पाय हाय-हॅट उघडझाप करत असतो. ड्रम्स विकत घ्यायची घाई करू नका. खुर्चीत बसून उजव्या पायाने ढोलाचा टोल जमिनीवर द्यायचा, हातांनी मांडीवर ताशा वाजवायचा. पहिले काही दिवस पाय हातामागे धावेल. तो धावायचा थांबला की क्लासमध्ये नाव घाला. वाड्यातल्या शेजाऱ्यांसाठी रबराचं सरावाचं पॅड मिळतं, काठ्यांबरोबर तेही घ्या.