कालरेषेचा खेळ आणि आमची राधानगरी

‘विकिट्रिव्हिया’ हा खेळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सबमिशनच्या आदल्या रात्री खेळलेला असेलच! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्क्रीनवर एक पत्ता येतो. त्यावर एखादी घटना, व्यक्ती किंवा शोध. साल झाकलेले असते. टेबलावर आधीच लावलेल्या पत्त्यांच्या रांगेत तो योग्य जागी सरकवायचा, म्हणजे कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर ते ठरवायचे. तीन वेळा चुकलात की खेळ खलास. पत्त्यांची माहिती विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यातून येते. २०२२ साली हा खेळ एकदम गाजला. त्याआधी २०१० च्या सुमारास ‘टाइमलाइन’ नावाचा खऱ्या पत्त्यांचा खेळ परदेशात निघाला होता, कल्पना तीच.

आमच्या होस्टेलच्या कॉमन रूममध्ये हा खेळ सुरू झाला तेव्हा एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात लक्षात आली. फ्रान्सचा अमुक राजा, अमेरिकेतला तमुक बँड, असे पत्ते धडाधड येतात. आपल्या भागातले काही येतच नाही. याचे कारण कुणाचा दुष्टपणा नाही, सेटिंग आहे. असा खेळ बनवताना लाखो नोंदींतून निवड करावी लागते, आणि निवडीची सोपी चाळणी म्हणजे प्रसिद्धी. इंग्रजी विकिपीडियावर ज्या पानाला वाचक जास्त, तो पत्ता आत, बाकीचे बाहेर. आता राधानगरीचे पान कोण किती वेळा उघडणार? मी स्वतः राधानगरीचा. म्हटले, चाळणी आपणच बदलू. खेळाचा सोर्सकोड खुला आहेच, पण आम्ही तिघांनी वेगळा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पत्ते हाताने भरले. त्यात नियम ठरवताना जे शिकायला मिळाले ते इथे देतोय. खेळापेक्षा नियमच जास्त मजेशीर निघाले, असे माझे मत!

पहिला प्रश्न जिवांचा. चुकलेला पत्ता टेबलावर बरोबर जागी लावून ठेवायचा, की काढून टाकायचा? विकिट्रिव्हियात तो लागतो, पत्त्यांच्या खेळात तो बाद होतो. वरवर फरक किरकोळ वाटतो. गणित करून बघा. टेबलावर एक पत्ता असेल तर जागा दोन, म्हणजे डोळे मिटून लावला तरी बरोबर यायची शक्यता १/२. दोन पत्ते असतील तर १/३, मग १/४. फक्त एकच जीव दिला, तर डोळे मिटून खेळणाऱ्याचे सरासरी बरोबर पत्ते येतात १/२! + १/३! + १/४! + ... म्हणजे e वजा २, साधारण ०.७२. (एम-वनमध्ये ज्या मालिकेला आपण शिव्या घातल्या ती इथे भेटली.) तीन जीव दिले की नियमाचा फरक दिसतो. चुकलेला पत्ता टेबलावर राहिला तर रांग वाढत जाते आणि सरासरी १.३ वर अडकते. बाद केला तर ती १.७ होते. म्हणजे ‘बाद’ हा नियम अडाण्याला थोडा सोपा. पण चुकलेला पत्ता समोर राहिला तर माणूस शिकतो, पुढच्या वेळी तोच पत्ता दुसऱ्याला आधार देतो. आम्ही ‘राहू दे’ ठरवले आणि जीव तीनाचे पाच केले.

दुसरा प्रश्न क्रियापदाचा, आणि इथेच राधानगरी खरी आडवी आली. पत्त्यावर नुसते ‘राधानगरी धरण’ असे लिहून चालत नाही. काय झाले ते लिहा! शाहू महाराजांनी भोगावतीवर हे धरण मनावर घेतले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत. कन्या राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब यांच्या नावावरून गाव वसले. सुरुवातीचे साल कुठे १९०७ तर कुठे १९०९ असे छापलेले सापडते. काम मध्येच रखडले, महाराज १९२२ साली गेले, १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि धरण पुरे झाले ते त्यानंतर, १९५० च्या दशकात. आता सांगा, हा पत्ता ‘खासबाग मैदान, १९१२’ च्या डावीकडे लावायचा की उजवीकडे? दोन्ही बाजूंनी भांडता येते, आणि भांडणे झालीही. एक जण म्हणाला, पाणी अडलं तेव्हा धरण. दुसरा म्हणाला, मग महाराजांचं नाव कशाला घेता? म्हणून आम्ही एकाचे दोन पत्ते केले, ‘काम सुरू’ आणि ‘काम पूर्ण’. अभयारण्याचे तर तीन करावे लागले: १९५८ ला दाजीपूर अभयारण्य जाहीर, १९८५ ला राधानगरी अभयारण्य म्हणून विस्तार, २०१२ ला पश्चिम घाटातील इतर जागांबरोबर जागतिक वारसा यादीत समावेश. ‘केशवराव भोसले नाट्यगृह’ हे नाव एकच, पण १९१५ चे उद्घाटन आणि ८ ऑगस्ट २०२४ ची आग यांत शंभरावर वर्षे आहेत. क्रियापद नसलेला पत्ता म्हणजे युनिट नसलेले उत्तर, मार्क कापलेच पाहिजेत.

तिसरी गोष्ट जरा तांत्रिक आहे, कॉम्प्युटरवाल्यांनी नीट वाचावी. विकिडेटात प्रत्येक तारखेबरोबर तिचा नेमकेपणा साठवलेला असतो: ११ म्हणजे दिवसापर्यंत माहीत, १० महिन्यापर्यंत, ९ वर्षापर्यंत, ८ म्हणजे फक्त दशक, ७ म्हणजे शतक. ही सोय फार शहाणपणाची आहे. आपण सगळे तारीख म्हणजे एक आकडा समजून चालतो, पण ‘धरण पूर्ण, १९५० चे दशक’ हा आकडा नव्हे, तो पट्टा आहे. पट्टा आला की सॉर्टिंग बिघडते. समजा, एक पत्ता १९५२ चा (खाशाबा जाधवांचे हेलसिंकीचे कांस्यपदक), एक १९५८ चा (दाजीपूर), आणि तिसरा आपला १९५० चे दशक. दशकाचा पत्ता १९५२ बरोबर ‘समान’, १९५८ बरोबरही ‘समान’. पण १९५२ आणि १९५८ समान नाहीत! डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला सर सांगतात की तुलना संक्रामक हवी. ती इथे राहत नाही, आणि सॉर्टचे फंक्शन कुठलाही क्रम काढून देते. आमचा उपाय गावठी पण चालणारा: टेबलावरचा एखादा पत्ता त्या पट्ट्यात पडत असेल तर पट्ट्याचा पत्ता वाटायचाच नाही, आणि तो टेबलावर असेल तर त्याच्या पट्ट्यातले बाकीचे पत्ते थांबवायचे. तीन-चार ओळींचा कोड.

वर्ष एकच असेल तर? शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ ची आणि चीनचे आक्रमण २० ऑक्टोबर १९६२ चे. महिन्यावरून पोराचा जीव घेणे मला पटत नाही. वर्ष सारखे असेल तर कुठलीही बाजू बरोबर, असा नियम केला.

कठीणपणाचे सेटिंग म्हणजे दोन पत्त्यांमधले कमीत कमी अंतर. जगाच्या इतिहासात डायनासोरपासून मोबाईलपर्यंत जागा ऐसपैस असते. आमच्या गड्डीत मात्र शाहू महाराजांच्या काळातली दाटी बघा: १८९४ राज्यारोहण, १९०२ चा पन्नास टक्के आरक्षणाचा आदेश, १९०६ शाहू मिल, मग धरण, १९१२ खासबाग, १९१५ पॅलेस थिएटर (म्हणजेच वरचे नाट्यगृह), १९१७ सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण. सगळ्यांना सगळे माहीत, तरी कोल्हापूरची पोरेच पहिल्या पाच मिनिटांत गारद! म्हणून सुरुवातीला पत्त्यांत किमान दहा वर्षांचे अंतर, मग पाच, शेवटी एक.

एक मोठी गंमत अंकांची झाली. पत्त्यावरच्या वर्णनात साल लिहिलेले असते, ते झाकावे लागते, नाहीतर उत्तर समोरच. मित्राने जावास्क्रिप्टमध्ये ‘अंक दिसला की पुसून टाक’ असे लिहिले. मराठी वर्णनातले एकही साल पुसले गेले नाही! कारण जावास्क्रिप्टच्या लेखी अंक म्हणजे फक्त इंग्रजी अंक. ‘१९०२’ हे तिला अक्षर वाटते, आणि त्याची संख्या करायला सांगितली तर ‘ही संख्याच नव्हे’ असे उत्तर येते. पायथॉन ३ ला मात्र देवनागरी अंक बरोबर कळतात. मराठीत काही बनवणाऱ्याने ही नोंद वहीच्या पहिल्या पानावर करावी.

आता घड्याळ. नेटवरच्या खेळात वेळेचे बंधन आले की चुरस वाढते, हे मान्य. पण आमच्याकडे रात्री जेवणे उरकल्यावर मेसमधले मामा येऊन मागे उभे राहायचे. वीस सेकंदांत पत्ता वाचून निकाल लावणे त्यांना जमणारे नव्हते, म्हणून बोलायचे नाहीत. घड्याळ बंद केले, पत्ता मोठ्याने वाचायचा नियम केला, आणि मामा सुटले! साल एकही पाठ नाही. पण कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) वडिलांनी सांगितलेला, बहात्तरचा दुष्काळ घरात ऐकलेला, २००५ चा महापूर स्वतः बघितलेला. या खुंट्यांवर ते बाकी सगळे टांगतात. आणि गंमत अशी की खेळाला साल नकोच असते, त्याला फक्त ‘आधी की नंतर’ हवे. पंधरा पत्त्यांची रांग असली तरी जागा सोळा, मधल्या पत्त्यापासून अर्धी-अर्धी करत गेले की चार प्रश्नांत जागा सापडते. मामांनी बायनरी सर्च कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही, तरी ते नेमके तसेच करतात, आधी मधल्या पत्त्यावर बोट.

मामांचे मूळ गाव दूधगंगेच्या खोऱ्यातले, काळम्मावाडी धरणाच्या पाण्यात गेलेले. एकदा ते म्हणाले, “पोरांनो, आमचं गाव उठलं त्याचा पत्ता हाय का रं तुमच्यात?” नव्हता. विकिडेटात असण्याची शक्यताच नाही. साल विचारले तर म्हणाले, “साल कुणाला ठावं? दुष्काळाच्या नंतर आणि महापुराच्या लई आधी. मी शाळंत बी जात नव्हतो.” एवढ्यावर पत्ता तयार होतो का? आमच्या प्रोग्रॅममध्ये होतो, पट्टा म्हणून. सुरुवात १९७२, शेवट २००५, नेमकेपणा: मामांची आठवण. वरच्या नियमामुळे तो क्वचितच वाटला जातो, कारण तेहतीस वर्षांच्या पट्ट्यात काहीतरी आधीच पडलेले असते. ती तक्रार मामांनी केलीच. त्यावर तोडगा म्हणून त्यांच्या भावकीत विचारून पट्टा अरुंद करायचे चालू आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून निदान पाच वर्षांपर्यंत येईल असा अंदाज आहे.

सध्या गड्डीत ६४ पत्ते आहेत. कॉमन रूमच्या पीसीवर फाईल ठेवली आहे, साध्या तक्त्यात: घटना, क्रियापद, पासून, पर्यंत, कुणी सांगितले. चंदगड, आजरा, गडहिंग्लजच्या पोरांनी आपापल्या भागाचे पत्ते भरावेत, पण साल इंग्रजी अंकांत टाका, जावास्क्रिप्टचे अजून तसेच आहे.