जादा तासिका आणि संगीत: वेळापत्रकाचा विचार

इयत्ता नववीत गणित-विज्ञानाच्या जादा तासिका सुरू झाल्या की पहिली कुऱ्हाड संगीताच्या तासावर पडते. दोन्ही तास एकाच वेळी ठेवून विद्यार्थ्याला 'एक निवड' म्हणणे, ही निवड नव्हे. ज्याच्या घरी हार्मोनियम नाही, त्याने वसतिगृहातील पेटी सोडली तर ती बहुधा कायमचीच सुटते.

म्हणून वेळापत्रक आखताना रियाजाची वेळ आधी निश्चित करावी, असे आम्ही सुचवितो. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोज पहाटेचा अर्धा तास अधिक उपकारक. गळा व बोटे सातत्यानेच तयार होतात. जादा तासिका सायंकाळी चारच दिवस ठेवाव्यात, उरलेले दोन दिवस समूहगायनास द्यावेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा शक्यतो नववीपर्यंत द्याव्यात. म्हणजे दहावीच्या वर्षी केवळ रियाज उरतो. शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत नियमानुसार सवलतीचे गुण मिळतात. त्यांचे प्रस्ताव शाळेने मुदतीत पाठवावेत.

परंतु केवळ गुणांसाठी गाणे नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रंथलेखनाच्या प्रचंड व्यापातही आयुष्याच्या उत्तरार्धात व्हायोलिन शिकले. अभ्यासू मनालाही सुरांची गरज असते, हे आपण त्यातून जाणावे.