गुंगीच्या तपासणीनंतर घरी परतताना

पोटाची दुर्बिणीतून तपासणी करावयाची म्हणजे पूर्वी आपल्या भागातील रुग्णास सोलापूर किंवा पुणे गाठावे लागे. आता अशा तपासण्या पंढरपुरातच होतात आणि बहुतेक रुग्ण सकाळी येऊन दुपारी घरी जातात. जठराची किंवा मोठ्या आतड्याची तपासणी, निखळलेला खांदा जागेवर बसविणे, क्युरेटिंग, लहान मुलांचा एम. आर. आय. अशा कामांसाठी बहुधा पूर्ण भूल न देता गुंगीचे औषध दिले जाते. रुग्णाची भीती जाते, काम लवकर उरकते, खाटही अडून राहत नाही. देणगीदारांच्या त्याच पैशात अधिक रुग्णांची सोय होते, हे विश्वस्तांस वेगळे सांगावयास नको. मात्र या सोयीला एक अट जोडलेली आहे. रुग्णासोबत जबाबदार प्रौढ व्यक्ती असली पाहिजे. तिने त्यास घरी न्यावे आणि ती रात्र त्याच्याजवळ राहावे. या अटीविषयी सविस्तर लिहिण्यास एक प्रसंग कारण झाला.

साठी ओलांडलेल्या एक बाई मंगळवेढ्याकडील एका वस्तीवरून जठराच्या तपासणीसाठी आल्या होत्या. “सोबत कोण आहे?” असे विचारता “पोरगा खाली चहाला गेलाय,” असे त्यांनी सांगितले. तसे कागदावर लिहिले गेले. तपासणी विनासायास पार पडली. तासाभराने बाई उठून बसल्या, चहा घेतला, नाव-गाव बरोबर सांगितले. परिचारिकेने गोळ्या कशा घ्यावयाच्या ते समजावले तेव्हा प्रत्येक वाक्याला मान डोलावून “हो ताई” म्हणाल्या. पिशवी घेऊन चालत गेल्या. रात्री आठच्या सुमारास बसस्थानकावरील एका सद्गृहस्थांचा दूरध्वनी आला. बाई बाकावर बसून होत्या. मंगळवेढ्याच्या किती गाड्या सुटून गेल्या याचा त्यांना पत्ता नव्हता. तपासणी झाली की व्हावयाची आहे, हेही त्यांना सांगता येत नव्हते. मुलगा पुण्यास नोकरीला होता. तो त्या दिवशी पंढरपुरात आलाच नव्हता. सोबत कोणी नाही असे सांगितले तर तारीख जाईल, म्हणून त्या तसे बोलल्या होत्या. आम्ही उत्तर लिहून घेतले, परंतु खाली जाऊन मुलास पाहिले नाही. ही चूक आमची होती.

इतक्या व्यवस्थित बोलणाऱ्या बाईंस पुढे काहीच कसे आठवले नाही, असा प्रश्न अनेकांस पडेल. याचे उत्तर औषधाच्या स्वभावात आहे. गुंगीसाठी बहुधा मिडाझोलाम वापरतात. जोडीला वेदना शमविण्यासाठी फेंटानिल, आणि भूलतज्ज्ञ हजर असल्यास प्रोपोफोल. शिरेतून दिलेले औषध रक्तावाटे प्रथम मेंदूकडे जाते आणि रुग्णाचा डोळा लागतो. थोड्याच वेळात ते मेंदूतून निघून स्नायूंत व चरबीत पसरते, म्हणून रुग्ण जागा होतो. जागा झाला म्हणजे औषध शरीरातून गेले, असे नव्हे. एका खोलीतून ते दुसऱ्या खोलीत गेले, इतकेच. यकृताने त्याचा निचरा करावयास वेळ लागतो. मिडाझोलामचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास निरोगी माणसात साधारण २ तास लागतात, वृद्धांत व यकृताच्या विकारात त्याहून बरेच अधिक.

शिवाय हे औषध नवी आठवण साठू देत नाही. रुग्ण बोलतो, हसतो, सही करतो, आणि सायंकाळी त्यातले काहीच त्याच्या स्मरणात नसते. तपासणीचा त्रास आठवत नाही हा या गुणाचा फायदा. गोळ्यांची वेळ आठवत नाही हा तोटा. म्हणून सूचना रुग्णास दिल्या तरी त्या दिल्या असे आम्ही धरीत नाही. त्या सोबत्यास सांगावयाच्या आणि लेखी द्यावयाच्या असतात.

मिडाझोलामवर फ्लुमाझेनिल नावाचा उतारा आहे. तो दिल्यावर रुग्ण टक्क जागा होतो, आणि नातेवाइकांस वाटते, आता नेण्यास हरकत नाही. वस्तुतः उताऱ्याचा परिणाम तासाभरात ओसरू लागतो आणि मूळ औषध शिल्लक असेल तर रुग्ण पुन्हा पेंगू लागतो. उतारा द्यावा लागलेल्या रुग्णास म्हणूनच अधिक वेळ थांबवून घेतात. त्यावर नातेवाइकांनी रागावू नये.

सोडण्यापूर्वी रुग्णास गुण दिले जातात, हे फारसे कोणास ठाऊक नसते. १९७० साली आल्ड्रेट व क्रौलिक यांनी मांडलेल्या पद्धतीत हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि त्वचेचा रंग या पाच गोष्टींस प्रत्येकी ० ते २ गुण असतात. पुढे रंगाऐवजी रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजू लागले. १० पैकी ९ गुण मिळाले की रुग्णास देखरेखीच्या खोलीतून हलविता येते. त्याचा अर्थ तो वाहन चालविण्यास किंवा व्यवहार करण्यास योग्य झाला, असा नाही. त्यासाठी सर्वसाधारण नियम २४ तासांचा आहे.

या २४ तासांत वाहन चालवू नये, मद्य घेऊ नये, डॉक्टरांना विचारल्याविना झोपेची गोळी घेऊ नये. कोणत्याही कागदावर सही-अंगठा करू नये. सातबाऱ्याचे काम, खरेदीखत, कर्जाचे कागद दुसऱ्या दिवसावर ढकलावेत. मोबाइलवरून पैसे पाठविणेही तसेच. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२ नुसार करार करताना माणूस सुबुद्ध असावा लागतो, आणि तापाच्या भ्रमात किंवा नशेत असलेल्यास तोवर करार करता येत नाही, असे उदाहरण त्या कलमातच दिलेले आहे. औषधाच्या अमलाखाली नियंत्रण राखता येत नसताना वाहन हाकणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा आहे.

शेतकरी कुटुंबासाठी आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. कडबाकुट्टीच्या यंत्राजवळ त्या दिवशी जाऊ नये. तसेच शेतीची वीज रात्री आली म्हणून विहिरीवर मोटार चालू करावयास रुग्णाने उठू नये. माणूस घरी पोहोचतो, झोपतो, मध्यरात्री वीज आल्याचे कळताच सवयीने उठतो आणि विजेरी घेऊन निघतो. सोबत्याने त्या रात्री जवळ राहावे, असे आम्ही म्हणतो ते अशा प्रसंगांसाठीही आहे.

परतीच्या वाहनाचा विचार बहुधा कोणीच करीत नाही. आपल्याकडे सोबती येतो तो मोटारसायकल घेऊन. पेंगुळलेला रुग्ण मागे बसतो, गावाच्या अलीकडे त्याची मान कलते, हाताची पकड सुटते. मागे तिसऱ्याने बसून रुग्णास मध्ये धरणे हा त्यावरील उपाय नव्हे. त्यात तिघांचाही जीव धोक्यात येतो. गच्च भरलेल्या वडापमध्ये दाराशी टेकून बसणेही तितकेच वाईट. रिक्षा, चारचाकी किंवा एस. टी. यांपैकी काही ठरवून ठेवावे. एस. टी.त रुग्णास खिडकीकडे बसवावे, सोबत्याने वाटेच्या बाजूस बसावे, मागची धक्क्यांची बाके टाळावीत. बसण्यास जागा नसेल तर ती गाडी सोडावी. महिलांस १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो, आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांस ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य. घरातील सुनेने किंवा लेकीने सोबत येणे त्यामुळे पूर्वीइतके खर्चाचे राहिलेले नाही.

तारीख घेताना पंचांग पाहावे, हे आम्ही गंभीरपणे सांगतो. आषाढी, कार्तिकी, माघी व चैत्री या यात्रांच्या दिवसांत वाहने गावाबाहेर थांबवितात. गुंगीतल्या रुग्णास गर्दीतून चालत नेणे योग्य नाही. पावसाळ्यात उजनी व वीर धरणांतून पाणी सोडले की चंद्रभागेवरील जुना दगडी पूल पाण्याखाली जातो आणि वळसा पडतो. गाळप हंगामात अंधारातून विनादिव्याच्या उसाच्या ट्रॉल्या धावतात, म्हणून त्या महिन्यांत सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी व दिवस असतानाच घर गाठावे.

पंढरपुरास आलोच आहोत तर दर्शन घेऊन जाऊ, ही इच्छा स्वाभाविक आहे. दर्शन तपासणीच्या आदल्या दिवशी घ्यावे. गुंगीनंतर रांगेत तास-दोन तास उभे राहिल्यास भोवळ येते, आणि त्या स्थितीत चंद्रभागेत स्नानास उतरणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. उपवासाचेही स्पष्ट केलेले बरे. “उपाशीपोटी या” असे सांगितले असता “उपवासच आहे” म्हणून साबुदाण्याची खिचडी खाऊन येणारे रुग्ण आम्हांस दर एकादशीस भेटतात. देवाच्या उपवासास ती चालते. गुंगीस चालत नाही. घन अन्न व दूध किमान ६ तास आधी बंद असावे, दुधाचा चहाही त्यातच आला. नुसते पाणी २ तास आधीपर्यंत चालते. हा विषय परतीचा नसला, तरी सकाळी परत पाठविलेल्या रुग्णाची सोबत्यासह सारी खेप वाया जाते.

लहान मुलांच्या बाबतीत सोबती एक नव्हे, दोन हवेत. तपासणीसाठी मुलांस पाजण्यात येणाऱ्या ट्रायक्लोफॉसच्या द्रवाचा परिणाम बराच काळ रेंगाळतो. गाडीत झोपलेल्या बाळाची मान छातीवर झुकली तर श्वासमार्ग दाबला जातो, आणि वाहन चालविणाऱ्या वडिलांस ते दिसत नाही. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने बाळाकडे पाहत बसावे. वाटेत आईनेही डुलकी घेऊ नये, हे सांगणे कठोर वाटते, कारण ती बहुधा आदल्या रात्रीपासून जागीच असते.

घरी गेल्यावर रुग्णास कुशीवर झोपवावे, पहिले काही तास एकट्याने जिना चढू देऊ नये, न्हाणीघरास आतून कडी लावू देऊ नये. हाक मारून व हलवूनही जाग येत नसेल, श्वास थांबत-थांबत किंवा घुरघुरत चालत असेल, ओठ निळसर दिसत असतील, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास झाली, पोट दगडासारखे घट्ट होऊन दुखू लागले, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आता मूळ प्रश्न. ज्याला सोबतच नाही त्याने काय करावे? मुले पुण्या-मुंबईस, शेजारी ऊसतोडीला, अशी वस्ती आमच्या परिसरात विरळा नाही. सोबत्याचा एक दिवस जातो म्हणजे कामावर खाडा पडतो आणि रात्र धरली तर दोन. अशा रुग्णास “सोबत आणा, मग या” एवढेच सांगणे म्हणजे तपासणी नाकारणेच होय, आणि मग खोटे उत्तर मिळते. त्या बाईंनी आम्हांस हे शिकविले. आता दोन मार्ग आम्ही स्वतःहून पुढे ठेवतो. जठराची तपासणी घशात बधिर करणारा फवारा मारून गुंगीविना करता येते. थोडी उबळ येते, पण काम काही मिनिटांत संपते आणि घसा पूर्ववत झाल्यावर रुग्ण एकटा जाऊ शकतो. ज्यांस ते सोसवणार नाही त्यांस तपासणीनंतर एक रात्र वॉर्डात ठेवून घेतो.

ही कल्पना नवी नाही. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जेम्स निकोल यांनी १९०९ साली आपल्या दहा वर्षांच्या कामाचा वृत्तांत मांडला. त्यांनी मुलांच्या ८,९८८ शस्त्रक्रिया बाह्यरुग्ण विभागातून केल्या होत्या. दिवसात घरी सोडण्याच्या पद्धतीचे ते आद्य प्रवर्तक मानले जातात. मुलास घरी पाठविल्यावर परिचारिका घरी जाऊन पाहत असत, आणि अंगावर पिणाऱ्या बाळांच्या मातांसाठी त्यांनी रुग्णालयाजवळ एक घरही घेतले होते. रुग्णालयाजवळच्या घराचे मोल पंढरपुरास कोणी सांगावयास नको. संत गाडगे महाराजांनी येथे चोखामेळा धर्मशाळा उभारली. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करुग्ण व त्यांचे आप्त उतरतात. गावातील मठ व धर्मशाळा यात्रा नसतानाच्या दिवसांत बऱ्याच रिकाम्या असतात. दूरच्या गावचा रुग्ण व त्याचा सोबती यांना एका रात्रीपुरती खोली मिळाली, तर रात्रीचा प्रवासच टळेल. एखाद्या मठाधिपतींशी अथवा व्यवस्थापकांशी ज्यांचा परिचय आहे अशा विश्वस्तांनी व हितचिंतकांनी यात शब्द टाकावा, ही विनंती आहे.

धर्मादाय रुग्णालयांसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली लागू झालेल्या योजनेत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत व दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. तेथे विचार आहे तो उपचाराचा. परतीची रिक्षा आणि सोबत्याचे जेवण हा खर्च लहान आहे, परंतु तो कोणत्याच रकान्यात बसत नाही. यंत्रासाठी देणगी देणाऱ्यांची नावे त्या यंत्रावर कोरली जातात. रिक्षाच्या भाड्यावर नाव कोरता येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही ज्यांस शक्य आहे त्यांनी “परतीचा प्रवास” असा उल्लेख करून काही रक्कम द्यावी.

तारखेच्या चिठ्ठीवर आता सोबत्याचे नाव, नाते आणि मोबाइल क्रमांक यांसाठी जागा ठेवलेली आहे. गुंगीचे औषध देण्यापूर्वी परिचारिका त्या क्रमांकावर स्वतः दूरध्वनी करते, आणि सोबती प्रत्यक्ष समोर येऊन उभा राहिल्यावरच शिरेत सुई जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच क्रमांकावर पुन्हा विचारपूस होते. ती करताना रुग्णाने आदल्या दुपारचे काय-काय विसरले, हे बहुधा सोबतीच हसत सांगतो.