घशात माशाचा काटा अडकला असता काय करावे

कोकणपट्टीवरील गावांत मासळीवाचून जेवण गोड लागत नाही, आणि देशावरही धरणे व तळी झाल्यापासून रोहू, कटला, चिलापी ही मासळी आठवड्याच्या बाजारी येऊ लागली आहे. ज्या घरी मासळी शिजते त्या घरी कधी ना कधी कोणाच्या तरी घशात काटा रुततोच. बहुधा तो प्रसंग क्षुल्लक ठरतो. पण क्वचित तोच जिवावर बेततो. ह्या दोहोंतील भेद घरच्या माणसांस कळावा, आणि त्या घाबरलेल्या घटकेत जे करू नये ते त्यांच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम श्वास पाहावा. नुसता काटा बारीक असल्यामुळे तो सहसा श्वास कोंडीत नाही. परंतु काट्यासकट मोठा घास श्वासनलिकेच्या तोंडाशी बसला तर माणूस काही पळांत गुदमरतो. ज्यास बोलता येते व जोराने खोकता येते, त्याचा मार्ग खुला आहे. त्यास खोकू द्यावे, पाठीवर थापा मारू नयेत. परंतु ज्याच्या तोंडातून शब्द निघत नाही, खोकला फुटत नाही व ओठ निळे पडू लागतात, त्यास पुढे वाकवून दोन्ही खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडील भागाने पाच जोरदार तडाखे द्यावेत. तेवढ्याने न भागल्यास त्याच्या पाठीशी उभे राहून, बेंबीच्या वर व बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून, ती दुसऱ्या हाताने धरून, आत व वर अशी पाच वेळा दाबावी. आणि घास सुटेपर्यंत हे दोन उपाय आळीपाळीने करावेत. गर्भवती स्त्रीचे पोट दाबू नये, छाती दाबावी. एक वर्षाच्या आतील बालकाचेही पोट कदापि दाबू नये. त्यास हातावर पालथे, डोके खाली करून पाठीवर तडाखे द्यावेत, व मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी दाबावे. दुसऱ्या कोणी तोवर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. माणूस बेशुद्ध पडल्यास त्यास जमिनीवर निजवून छाती दाबण्यास लागावे.

आता ज्याचा श्वास नीट चालला आहे, पण घशात टोचते, त्याचा विचार करू. असे घडताच आपल्या घरांत काय होते हे सर्वांस ठाऊक आहे. सून पानावरून उठून मोरीकडे जाते, सासूबाई म्हणतात, "अगं, भाताचा मोठा घास न चावता गीळ, म्हणजे काटा खाली जाईल." कोणी केळे पुढे करतो, कोणी सुक्या भाकरीचा तुकडा. हा उपाय इतका जुना व इतका सार्वत्रिक आहे की त्याविरुद्ध बोलणे धाडसाचे वाटते. तरी आम्ही बोलतोच. काटा हा सुईसारखा आहे. तो मांसात रुतला असता त्यावरून भाताचा गोळा लोटला, तर गळ्याचे स्नायू त्या गोळ्यासह काट्यासही दाबतात. मग तो सुटण्याऐवजी अधिक खोल शिरतो, किंवा मोडून त्याचे टोक आत राहते. अथवा जेथे वैद्यास तो सहज दिसला असता तेथून सुटून खाली अन्ननलिकेत जाऊन आडवा बसतो, की जेथून काढण्यास भूल द्यावी लागते. कोणी म्हणेल, "आम्हांस तर भाताने गुण आला." आला असेल. परंतु पुष्कळ वेळा काटा आधीच पोटात गेलेला असतो व मागे केवळ ओरखडा राहिलेला असतो. तो ओरखडा काटा अजून तेथेच असल्याप्रमाणे टोचतो, आणि एक-दोन दिवसांत आपोआप बरा होतो. श्रेय मात्र भातास मिळते.

लिंबू, व्हिनेगर किंवा कोकमाचे आगळ पिऊन काटा विरघळतो, ही समजूतही तशीच. आंबटात हाड मऊ पडते हे खरे, पण त्यास फार वेळ बुडवून ठेवावे लागते. घशातून घोट क्षणात उतरतो, आणि जखमेस मात्र झोंबतो. घशात बोटे घालून ओकारी काढणे हे तर ह्याहूनही वाईट. बोटाने चाचपून काढू पाहणाऱ्याने काटा आत ढकललाच म्हणून समजावे. मंतरलेल्या पाण्याविषयी एवढेच म्हणतो, की पाण्याचा एखादा घोट घेण्यास हरकत नाही, पण मंत्रासाठी रात्र दवडू नये.

हे संकट नवे नव्हे. आर्मेनियातील सेबास्ते नगराचा बिशप ब्लेझ, जो चौथ्या शतकाच्या आरंभी मारला गेला, त्याने घशात काटा अडकलेल्या एका मुलास वाचविले अशी परंपरा आहे. त्यामुळे रोमन कॅथोलिक मंडळीत ३ फेब्रुवारीस त्याच्या नावाने गळ्यास आशीर्वाद देतात, आणि जुन्या गोव्याजवळ गवंडाळी येथे त्याच्या नावाचे मंदिरही आहे. त्या परंपरेतच असेही सांगतात की बिशप होण्यापूर्वी तो वैद्य होता. हा भाग लोक कमी सांगतात, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

सर्व मासळी सारखी धोक्याची नाही. पाला, पेडवे, तारली आणि गोड्या पाण्यातील रोहू, कटला, मृगळ ह्यांच्या मांसात कण्याशी न जोडलेले, बेचकीसारखे दुफाट, केसासारखे बारीक काटे विखुरलेले असतात. ते कितीही निवडले तरी राहतात. पापलेट किंवा मरळ ह्यांत तसे नसतात. म्हणून लहान मुलांस पहिल्या जातीची मासळी वाढताना मोठ्यांनी बोटांनी कुसकरून पाहिल्यावाचून वाढू नये. कवळी लावणाऱ्या वृद्धांनी विशेष जपावे, कारण कवळीने टाळू झाकली जाते व काटा जिभेस कळण्यापूर्वीच घास उतरतो. वीज गेलेली असता कंदिलाच्या उजेडात, बोलत बोलत, भातात कालवलेली मासळी खाणे हेही आम्हांस पसंत नाही.

काटा खरोखर अडकला आहे की नाही, हे कसे ओळखावे? एक घोट पाणी पिऊन पाहावे. प्रत्येक गिळण्यास एकाच ठिकाणी, एकाच बाजूस टोचत असेल, तर काटा असण्याचा संभव अधिक. दुखणे मोघम असेल व घटकेघटकेस कमी होत असेल, तर तो बहुधा ओरखडा. पुष्कळदा काटा टॉन्सिल नावाच्या, पडजिभेच्या दोन्ही बाजूंस असलेल्या गाठींत किंवा जिभेच्या मुळाशी रुततो. रोग्यास उजेडाकडे तोंड करून बसवावे, चमच्याच्या दांड्याने जीभ हलकेच दाबावी व बॅटरीने पाहावे. दिसला तर कोठे दिसला हे ध्यानात ठेवावे. उपटण्याच्या नादी लागू नये. न दिसला म्हणून तो नाहीच असे मात्र मानू नये.

टोचणे थांबले नाही तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि जाईपर्यंत काही खाऊ नये. कारण भूल द्यावी लागल्यास पोट रिकामे असलेले बरे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर पाहतील, व जरूर पडल्यास उपजिल्हा अथवा जिल्हा रुग्णालयातील कान-नाक-घसा ह्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवितील. तेथे आरशाने अथवा नाकातून बारीक लवचिक नळी घालून पाहतात आणि दिसलेला काटा बहुधा बसल्या जागी चिमट्याने काढतात. साध्या क्ष-किरणांच्या चित्रात माशाचे काटे पुष्कळदा उमटत नाहीत. तेव्हा चित्र निर्मळ आले तरी टोचणे चालूच असेल, तर पुन्हा जावे. सीटी स्कॅन नावाच्या चित्रात ते पुष्कळ अधिक चांगले कळते.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की ती दिसताच बसची वाट न पाहता निघावे: लाळही गिळवत नाही व ती तोंडातून गळते, गळा सुजतो किंवा दाबल्यास कातडीखाली करकरते, ताप येतो, छातीत वा पाठीत दुखते, श्वास लागतो, ओकारीत रक्त पडते. अन्ननलिकेत रुतलेला काटा भिंत भेदून बाहेर पडला की छातीत पू होतो. क्वचित तो हृदयापासून निघणाऱ्या मोठ्या रोहिणीसही भिडतो. तसे झाल्यास आधी थोडेसेच रक्त पडते, मग काही काळ स्वस्थता वाटते, आणि पुढे एकाएकी पुष्कळ रक्त जाते. म्हणून अन्ननलिकेतील टोकदार वस्तू सहा तासांच्या आत काढावी, असे ह्या शास्त्रातील जाणते सांगतात. जो काटा सुखरूप पोटात उतरला, तो मात्र बहुधा काही त्रास न देता निघून जातो.

ह्यात सर्वांत अधिक हानी करणारी गोष्ट आम्हांस लाज ही वाटते. एवढ्याशा काट्यासाठी भाडे खर्चून तालुक्यास जायचे, लोक हसतील, असे म्हणून घरची बाई दोन-दोन दिवस पेज पिऊन काढते व कोणास सांगत नाही. १९८२ साली इंग्लंडच्या राजमाता एलिझाबेथ ह्यांच्या घशात काटा अडकला तेव्हा त्यांसही रुग्णालयात नेऊन शस्त्रक्रियेने तो काढावा लागला. तेव्हा पेजेवर दिवस काढणारी कोणी घरात आढळल्यास शेजाऱ्यांनीच तिच्यासाठी गाडी पाहावी.

दवाखान्यात गेल्यावर मासा कोणता, किती वाजता खाल्ला, कोणत्या बाजूस टोचते, आणि त्यानंतर भात, केळे, औषध काय काय घेतले, हे सर्व न लपविता सांगावे. पानात त्याच माशाचा दुसरा काटा उरला असेल, तर तो कागदात गुंडाळून बरोबर न्यावा. म्हणजे किती लांब व किती जाड काटा शोधावयाचा, हे डॉक्टरांस कळते.